अनुभव धागा: पडद्यावरचं खोटं कधी खरं वाटलं?

मंडळी, काल लेकीबरोबर नवा हॉलिवूडपट पाहिला. शेवटची वीस मिनिटं नुसत्या इमारती कोसळत होत्या, आभाळातून किरण सुटत होते. लेक हळूच म्हणाली, "बाबा, अजून किती आहे?"

मला सोलापूर आठवलं. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला होता. पावसात टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर आला आणि मी वडिलांच्या दंडात नखं रुतवली. दोन तासांच्या त्या चित्रपटात डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत. त्यातही संगणकावरचं काम निम्म्याहून कमी. बाकी स्टॅन विन्स्टनच्या चमूचे यांत्रिक प्राणी. तो टी-रेक्स खरोखर भिजत होता, रबरी कातडं पाणी पिऊन जड व्हायचं आणि त्याचं अंग थरथरायचं. ते वजन मला हल्ली सापडत नाही. तुम्हाला कुठे सापडलं?

*

आम्हाला सापडलं २०१६च्या 'जंगल बुक'मध्ये. मुलगा सात वर्षांचा. नुकतेच पेंचला जाऊन आलो होतो, म्हणून विचारत होता, "आई, हे आपलंच जंगल ना?" सगळं चित्रण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतलं, जंगल आणि प्राणी संगणकावरचे, हे सांगताना माझ्याच जिवावर आलं. त्याने एवढंच विचारलं, "मग मोगली बोलत कुणाशी होता?" मोगली झालेल्या नील सेठीसमोर बाहुल्या धरायचे, हे कळल्यावर स्वारी आठवडाभर उशीला बघीरा करून गप्पा मारत होती.

*

मी मुंबईत रोटो करते. म्हणजे नटाची कडा फ्रेमगणिक कापून काढायची, मागे हवं ते जग बसवता यावं म्हणून. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. पळणाऱ्या मुलीच्या मोकळ्या केसांवर मी चार दिवस घालवले आणि ऐन वेळी शॉटच बदलला. काम कच्चं दिसतं तेव्हा बहुतेकदा वेळ कमी पडलेला असतो. 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ संगणकावर करणारी रिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारी २०१३मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं. आमच्यातल्या कित्येकांना ते अजून बोचतं.

एकदा आईला मुद्दाम थेटरात नेलं. माझं नाव यायच्या आत दिवे लागले, पडदा बंद.

*

ताई, तुमचं वाचून 'सॉनिक' आठवला, व्हिडिओ गेममधल्या निळ्या प्राण्याचा चित्रपट. २०१९च्या ट्रेलरमधले त्याचे दात बघून मीही नको ते बोललो होतो. प्रदर्शन तीन महिने पुढे ढकलून त्याचं रूप बदललं, तेव्हा आम्ही जिंकल्यासारखे नाचलो. ते शॉट कुणीतरी पुन्हा बसून केले असतील, हे आज डोक्यात आलं.

तुमचा चित्रपट कोणता, सांगाल? घरी लावून तुमचं नाव शोधतो.