सल्ला हवा: ह्वारेझचं क्रांती संग्रहालय, बाबांना घेऊन जावं का?

सायली_प्र: बहिणीकडे टेक्सासमधल्या एल पासोला आलोय. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नदीपलीकडे मेक्सिकोतल्या ह्वारेझ शहरात मेक्सिकन क्रांतीचं आणि सरहद्दीवरच्या जगण्याचं संग्रहालय आहे ना? चालत जमेल?

वर्धेकर: नक्की न्या. मला तर वस्तूंपेक्षा इमारतच महत्त्वाची वाटते. हे जुनं कस्टम हाऊस. १९०९ मध्ये मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियाझ आणि अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांची मेजवानी इथेच झाली. मे १९११ मध्ये बंडखोरांनी शहर घेतलं आणि २१ तारखेच्या रात्री याच इमारतीबाहेर मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या शांतता करारावर सह्या झाल्या. चारच दिवसांत दियाझचा राजीनामा!

जाण्याआधी लढाई थोडी वाचून घ्या. गोळ्या नदीपार गेल्या तर अमेरिका मध्ये पडेल, म्हणून बंडखोरांचा नेता मादेरो हल्ला थांबवू पाहत होता. त्याचे सेनानी ओरोझ्को आणि पांचो व्हिया यांनी ऐकलं नाही. त्यांची माणसं नदीच्या कडेकडेने आली, म्हणजे सरकारी फौजेने गोळी झाडली तर ती एल पासोत जाणार. शहरात रस्ते टाळून घरांच्या मातीच्या भिंती फोडत पुढे सरकली. एल पासोचे लोक गच्चीवरून बघत होते, आणि त्यातले काही जीवानिशी गेले. हे कळलं की नदीचा काठ वेगळाच दिसतो.

निशा_टेक्सास: सांता फे पुलावरून चालत जा, पुढे ह्वारेझ अव्हेन्यूने सरळ. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बाबांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, तेवढं बघा. परतीच्या रांगेत वेळ जातो, पाणी आणि टोपी ठेवा.

पुलावर जरा थांबा. १९१७ मध्ये टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या भीतीने रोज कामाला येणाऱ्या मेक्सिकन लोकांना इथे कपडे उतरवून जंतुनाशक आंघोळ घालत. जानेवारीत कार्मेलिता तोरेस या घरकाम करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीने नकार दिला, तिच्यामागे बायका जमल्या आणि पूल अडला. सरहद्दीवरचं जगणं म्हणजे हेच, सेनापतींच्या फोटोंइतकंच महत्त्वाचं.

सायली_प्र: खूप आभार! बाबा विचारताहेत, क्रांतिकारक पांडुरंग खानखोजेंचं काही आहे का तिथे?

वर्धेकर: आमच्या वर्ध्याचे ते! पण त्यांचं मेक्सिको हे नाही. गदर या परदेशस्थ भारतीयांच्या ब्रिटिशविरोधी चळवळीनंतर १९२४ मध्ये ते आले ते राजधानीकडे, चापिंगोच्या कृषी शाळेत, गहू-मक्यावर काम करायला. चित्रकार दिएगो रिव्हेराने तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. त्यासाठी मेक्सिको सिटीचं विमान वेगळं काढा.