फी माफ होती, तरी शाळा का सुटली? – बेळगाव सीमाभागातले अनुभव

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना सरकारी शाळेत फी नाही, दुपारचं जेवणही मिळतं. तरी निपाणी, चिकोडी, खानापूरकडं मध्येच गळालेलं एखादं पोर प्रत्येकाच्या ओळखीत असतंच. नेमकं कशापायी? भाषणं नकोत, घरात काय घडलं ते लिहा. नावं टाळा.

निपाणी, विडी कामगाराची मुलगी

आई, आजी, मी आणि धाकटी, चौघी विड्या वळायचो. मजुरी हजार विड्यांमागं. शाळेतून आलं की मी पत्र्याचा साचा ठेवून पान कापायची, धाकटी विड्यांची टोकं दुमडायची. पान आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं. ते सुकलं की चिरतं, त्यामुळं "अभ्यास करून मग बसते" हे चालायचंच नाही. ठेकेदार छाट काढणार, म्हणजे खराब विड्या बाजूला टाकणार, छाटीचे पैसे नाहीत, वर तंबाखू कमी पडली तर ती पदरची.

नववीत आजीचे डोळे गेले आणि तिच्या जागी बसायला माणूस हवं झालं. "शाळा सोड" असं कुणी म्हटलं नाही. आधी शनिवार बुडायला लागला, मग बाजाराचा दिवस, आणि परीक्षेपर्यंत मला गणितातलं काहीच कळेना. माझी मीच थांबले. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते, पण त्याला कामगाराचं ओळखपत्र लागतं. ठेकेदाराच्या वहीत आमच्या घरातलं एकच नाव होतं, आजीचं, आणि कार्ड तिचंही नव्हतं. धाकटी दहावी झाली, आता नर्सिंगला आहे. तिच्या वाटणीच्या विड्या मी वळल्या, हे ती चारचौघांत सांगते तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं.

खानापूर, जांबोटीच्या बाजूचा

आठवीला सरकारी सायकल मिळाली होती. पण ओढा भरला की ती पलीकडं नेणार कशी? पावसाळ्यात हजेरी निम्मी. दहावी नापास, मग गोव्यात हॉटेलात भांडी. २०२३ पासून बायका-मुलींना बस फुकट केली, चांगलंच झालं. आमच्या वाडीला बसच येत नाही हो.

अथणी, प्राथमिक शिक्षक

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, म्हणजे हंगाम संपेपर्यंत सुटका नाही. आई-बाप फडात, थोरली पोरगी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत. तिचं नाव गावाकडच्या शाळेत असतं, तिथं वरच्या वर्गात ढकललीही जाते. मी एकीला चौथीचा धडा वाचायला दिला, तर अक्षरं लावता लावता तिला रडू आलं. पटावर ती गळालेली नाहीच. आकडे छान दिसतात!

बेळगाव, अर्थशास्त्राची प्राध्यापिका

निपाणीच्या ताईंचं वाचून बांगलादेश आठवला. तिथं १९९४ पासून गावाकडच्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना फीमाफीबरोबर रोख भत्ताही दिला. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान ४५ टक्के गुण आणि लग्न करायचं नाही. पोर शाळेत बसलं की घराची मजुरी बुडते, ती थोडी तरी भरून काढायची, हा हिशेब. आपल्याकडं फीवर बोलतात, बुडालेल्या मजुरीवर कोण बोलतं?

चिकोडी तालुका, अंगणवाडी सेविका

शाळेतलं जेवण सहाव्या वर्षी येतं. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस तोवर गेलेले असतात. उंची खुंटलेलं लेकरू नंतर पोटभर जेवलं तरी सगळं भरून येत नाही. आई सातव्या महिन्यातही भांगलायला जाते, तिला मी "विश्रांती घे गं" कुठल्या तोंडानं सांगू?

शहापूर, निवृत्त गुरुजी

सगळं गरिबीवर ढकलू नका. एकाच घरातला पोरगा फी भरून इंग्रजी शाळेत आणि पोरगी सरकारी मराठीत, असं मी आयुष्यभर बघितलंय. पैसा कमी असला की तो कुणावर खर्चायचा हेही ठरतंच.

निपाणी, पुन्हा

गुरुजी, आमच्यात पोरगाच नव्हता. एक विचारायचं होतं, या वयात दहावी देता येते का?

अथणीचे शिक्षक

येते ताई. एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाची दहावी मराठीतूनही आहे. वयाला वरची मर्यादा नाही, आणि गणित घेतलंच पाहिजे असंही नाही.