प्रतिसाद: एव्हिता आणि लष्कराची भीती

अर्जेंटिनाचे अध्यक्ष हुआन पेरॉन यांच्या पत्नी एवा पेरॉन ऊर्फ एव्हिता यांच्या पार्थिवाची तिथल्या लष्कराने केलेली हेळसांड निव्वळ द्वेषापोटी होती, असे वर म्हटले आहे. मला त्यात भीतीचा वाटा अधिक दिसतो. २६ जुलै १९५२ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाल्यावर स्पॅनिश शरीरशास्त्रज्ञ पेद्रो आरा यांनी देहातील पाण्याचा अंश काढून ग्लिसरीन भरले आणि बाईंना नुकतीच झोप लागली आहे, असे वाटावे इतका तो देह टवटवीत राहिला. नेमकी तीच अडचण झाली. पेरॉन यांना हटवणाऱ्या १९५५ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेल्यांपुढे पेच असा, की उघडपणे पुरला तर तिथे यात्रा भरणार आणि जाळावा तर कॅथलिक धर्मभावना आड येणार. म्हणून १९५७ मध्ये तो मिलानच्या दफनभूमीत ‘मारिया माज्जी’ या खोट्या नावाने पुरला गेला. १९७१ मध्ये माद्रिदला विजनवासात असलेल्या हुआन पेरॉन यांच्या घरी शवपेटी उघडली, तेव्हा नाक चेपलेले होते. पुढे १९७४ मध्ये मोन्तोनेरो या पेरॉनवादी सशस्त्र गटाने माजी लष्करशहा आराम्बुरू यांचीच शवपेटी पळवून एव्हितांना मायदेशी आणण्याची मागणी केली (मृतदेहाला मृतदेह ओलीस!), आणि ती मान्यही झाली. १९७६ पासून ब्यूनोस आयर्सच्या रेकोलेता दफनभूमीत, माहेरच्या दुआर्ते कुटुंबाच्या थडग्यात, जमिनीखाली भक्कम बंदोबस्तात तो देह आहे.