मदत हवी आहे : वडिलांच्या पश्चात नौका भावाच्या नावावर करणे, डिझेल परतावा आणि मच्छीमारांचे किसान क्रेडिट कार्ड (हर्णे, ता. दापोली)

नमस्कार मंडळी,

आमचे घर हर्णे बंदरातले. गेल्या कार्तिकात बाबा वारले. नौका त्यांच्या नावावर आहे आणि आता ती धाकटा भाऊ चालवतो. मी नोकरीनिमित्त पुण्यात असल्यामुळे कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि सगळे घोडे तिथेच अडले आहे.

हर्णे न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. सुवर्णदुर्गासमोरच्या पुळणीवर सकाळ-संध्याकाळ मासळीचा लिलाव होतो. नौका खोल पाण्यात नांगरायच्या आणि मासळी बैलगाडीने किनाऱ्याला आणायची, ही इथली वर्षानुवर्षांची रीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात आणि टोपल्या वाळूवर टेकेपर्यंत बोली सुरूही झालेली असते. आमची आई याच लिलावातून कोळंबी घेऊन दापोलीच्या बाजारात विकत आली आहे. बर्फवाला, जाळी दुरुस्त करणारे, रिक्षावाले, किराणा दुकानदार या सगळ्यांचा हिशेब शेवटी याच पुळणीवर मिटतो.

सध्या 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी सुरू आहे. या दिवसांत उत्पन्न काहीच नसते, पण इंजिनाचे काम, रंगरंगोटी, नवी जाळी हा सर्वांत मोठा खर्च नेमका आत्ताच येतो. बाबा दरवर्षी त्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेत आणि मग हंगामभर मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो सांगेल त्या भावाने द्यावी लागे. पापलेट चांगले लागले तरी घरात पैसा का राहत नाही, हे मला फार उशिरा कळले.

या फेऱ्यातून बाहेर पडावे म्हणून आम्ही किसान क्रेडिट कार्डासाठी बँकेत गेलो. ही सोय 2018-19 पासून मच्छीमारांनाही लागू आहे, विनातारण कर्जाची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख रुपये झाली आहे आणि वेळेवर फेड केल्यास व्याज 4 टक्के पडते, एवढी माहिती मी काढली होती. तरीही आमच्याकडे सातबारा मागण्यात आला. आमच्या नावावर गुंठाभरही शेती नाही. आमचे शेत म्हणजे समुद्र. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, हेही सांगून पाहिले, पण उपयोग झाला नाही. शिवाय नौका मृत व्यक्तीच्या नावावर असल्याचे कारण वेगळे आहेच.

त्यामुळे मुळात नाव बदलणे आले. वारस चौघे आहोत : आई, भाऊ, मी आणि वसईला दिलेली बहीण. नौका भावाच्या नावावर व्हावी यावर सर्वांचे एकमत आहे. अशा वेळी तहसीलदारांचा वारस दाखला आणि आमची संमतीपत्रे पुरतात, की न्यायालयाचे वारस प्रमाणपत्रच लागते? दुसरी अडचण म्हणजे मूळ नोंदणी प्रमाणपत्र. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात घराची कौले उडाली, ट्रंकेत पाणी शिरले आणि त्या कागदावरचे नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसले गेले. नौकेवर रंगवलेला क्रमांक मात्र स्पष्ट आहे. दुय्यम प्रत आधी काढावी, की नावबदलाच्या अर्जासोबतच ती मागता येते?

डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत येतो. बाबांच्या हयातीतली काही रक्कम थकलेली आहे आणि त्यांचे खाते आता बंद आहे. ती आईच्या खात्यात वळवण्यासाठी संस्थेचा ठराव लागतो का, आणि बाबांचे सभासदत्व भावाकडे येईपर्यंत नव्या हंगामाचा डिझेल कोटा मिळू शकतो का?

रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात ज्यांनी सातबारा नसताना हे कार्ड मिळवले आहे, त्यांनी बँकेत कोणती कागदपत्रे दिली ते कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या सोमवारी रजा घेऊन मी दापोलीला जाणार आहे. 1 ऑगस्टला नौका पाण्यात लोटण्याआधी भावाला पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये, यासाठी ही धडपड आहे.