एसजीओटी १३२, एसजीपीटी ५१: लिव्हरचंच दुखणं का?

प्रश्न: वय ३०, दारू नाही. बिलिरुबिन, जीजीटी (लिव्हरच्याच इतर तपासण्या) नॉर्मल. रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी जिममध्ये जड स्क्वॉट्स. लिव्हरला सूज असेल का?

उत्तर १: दोन्ही पेशींतली एन्झाइम्स, पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. एसजीपीटी मुख्यतः यकृतातलं, एसजीओटी मात्र स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही भरपूर. सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) करा. तो हजारांत निघाला तर मांड्यांचं बिल लिव्हरच्या नावावर फाटलंय. आठवडाभर व्यायाम बंद ठेवून पुन्हा तपासा. एसजीओटी आधी उतरेल, त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण १७ तास. एसजीपीटीचं ४७, म्हणून ते रेंगाळतं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

उत्तर २: रक्ताचा नमुना हेमोलाइज झाला, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तरी एसजीओटी फुगतं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत तसा शेरा असतो, तो कुणी वाचतच नाही! दारूमुळेही एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त दिसतं, पण मग जीजीटी सहसा वाढलेलं असतं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये बहुधा एसजीपीटी वरचढ.

उत्तर ३: गुळवेलीचा काढा चालू आहे का? २०२० मध्ये मुंबईत त्यातून यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेलेत. डॉक्टरांना सांगाच. आणि परस्पर लिव्हर टॉनिक नको. आकडा कशाने उतरला तेच कळेनासं होतं.