शनिवार-रविवारची जमीन: घेतल्यावर पुढे काय झालं ते सांगा

गेले सहा महिने नवरा मोबाईलवर सातबारे वाचत झोपतो. भोरच्या पुढे, भाटघरचं पाणी दिसेल अशा चढावर सव्वा एकर बघितलंय. वर एक जुना आंबा आहे, दोघांच्या मिठीत मावणार नाही एवढा. खरं सांगायचं तर आम्ही त्या आंब्यावरच भाळलोय. नवऱ्याचं नाव सांगलीकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे शेतकरी असण्याची अडचण नाही. एजंट म्हणतो या आठवड्यात इसार द्या, दुसरी पार्टी तयार आहे. (दुसरी पार्टी कायमच तयार असते, हे फ्लॅट घेताना कळलंय.)

घ्या, घेऊ नका, एफडीत टाका, हे सल्ले घरातच ढिगाने मिळालेत. मला ऐकायचंय ते ज्यांनी खरंच घेतली त्यांच्याकडून. वर्षातून किती वेळा जाता? राखतं कोण? मुलं येतात का? फसला असाल तर नेमकं कुठे? नावं-पत्ते नकोत, जमिनीचं बोला.

मुळशीच्या पलीकडे

आमची 2009 ची खरेदी, दोन एकर. मेमध्ये बघितली आणि मेमध्येच व्यवहार केला, पहिली चूक तीच. जमीन जुलैत बघावी. मेमध्ये गाडी थेट झाडाखाली लागली होती. जुलैत शेवटचे 400 मीटर चपला हातात घेऊन गेलो.

चिखलाचं काही नाही हो, पण ते 400 मीटर म्हणजे रस्ता नव्हताच. शेजाऱ्यांच्या भातखाचरांमधला रुंद बांध होता. त्यांचे आजोबा होते तोवर "जावा की पाव्हनं" एवढाच कायदा. ते 2014 साली गेले. दिवाळीला गेलो तर नातवांनी जेसीबीने बांधावर आडवा चर मारलेला. आज वाटतं त्यांचं काय चुकलं? आमच्या गाड्यांनी तो बांध दरवर्षी वीतभर त्यांच्या भातात सरकत होता. तेव्हा मात्र मी तडक तहसील गाठलं. महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, तो मागितला. तारीख, स्थळपाहणी, पुन्हा तारीख. अडीच वर्षं मी जमिनीवर कमी आणि कचेरीच्या बाकावर जास्त बसलो.

सुटलं ते टपरीवर. धाकट्या नातवाशी चहा घेताना कळलं की त्यांना हरभऱ्याला पाणी कमी पडतंय. आमच्या बोअरला पाणी होतं. दोन इंची पाइप त्यांच्या शेतात, दहा फूट रस्ता आम्हाला. तोंडी नाही, करार करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतला.

तुम्ही इसाराआधी गावनकाशा काढा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट. एजंट बोटाने दाखवतो तो रस्ता त्यात सापडतो का बघा.

महसुलात 31 वर्षं

निवृत्त आहे, म्हणून मोकळं बोलतो. लोक सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र बघतात आणि घडी घालून खिशात टाकतात. गंमत "इतर हक्क" या रकान्यात असते. "कुळकायदा कलम 43 ला पात्र" असं दिसलं तर ती जमीन विकणाऱ्याच्या घरात कुळ म्हणून आलेली आहे. 32म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) मिळून दहा वर्षं झाली असतील तर 2014 च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून ती विकता येते. पण "भरलेत हो" यावर जाऊ नका, चलन हातात घेऊन बघा. आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 36अ ची परवानगी लागते, तिथे शॉर्टकट नाही. वनखात्याचा किंवा खाजगी वनाचा शेरा असेल तर एजंट म्हणतो, "ते निघून जाईल." माझ्या अनुभवात शेरा राहतो, एजंट निघून जातो.

मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी. सातबाऱ्यावर जे क्रमांक आहेत ते एकेक करत मागे जा. एका फेरफारात बहीण वारस म्हणून दिसते आणि पुढच्यात गायब होते, तर ती कुठे गेली ते विचारा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का? अशा बहिणी पन्नाशीत परत आलेल्या मी पाहिल्यात, आणि बहुतेकींचं बरोबर होतं.

धाग्यात कुणी बिगर शेतकरी असेल तर: "शेतकरी करून देतो" म्हणत दूरच्या तालुक्यातला सातबारा विकणारे भेटतील. कुळकायद्याचं कलम 63 बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही; ते मोडून घेतलेली जमीन 84क खाली सरकारजमा होऊ शकते. पैसे तुमचेच जातात, त्याचे नाहीत.

भाटघरचं म्हणताय म्हणून आणखी एक. "पाण्यापर्यंत आपलीच" असं कुणी म्हणालं तर मोजणी नकाशात धरणाची संपादन रेषा शोधा. उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळाची जमीन धरणाची असते.

श्रीवर्धनची सून

वाडी सासरची, आम्ही विकत घेतले ते तिला लागून असलेले पंधराच गुंठे, चुलत सासऱ्यांकडून. पोफळी, नारळ, चार जायफळं, एक विहीर. ठाण्याहून महिन्यातून एकदा जायचो. मुलांना वाटायचं आपण सुपाऱ्या वेचायला जातो. मी झोपायला जायचे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा टाळेबंदीत घरी अडकलो होतो. फोन लागेनात. काही दिवसांनी राखणदाराच्या मुलाने टेकडीवर रेंज शोधून व्हिडिओ पाठवला. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाची वाडी दाखवतोय. आमच्या वाडीत वर बघितलं की झावळ्या दिसायच्या, त्या व्हिडिओत नुसतं आकाश. पोफळी मुळापासून उपटल्या नव्हत्या, कमरेत मोडल्या होत्या. विहीर झावळ्यांनी एवढी भरली होती की कठडा दिसला म्हणून विहीर कळली.

जाता आलं तेव्हा लाकूड कापायला माणूस मिळेना, सगळ्या गावाच्याच वाड्या आडव्या. आम्ही पंचनाम्यासाठी फोटो काढत होतो आणि सासूबाई, तेव्हा वय 74, कोपऱ्यात केळीचे मुनवे मोजत होत्या. म्हणाल्या, आधी केळी लावून टाका, पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही. केळी लावल्या, त्यांच्या सावलीत दोनशे रोपं लावली. यंदा काहींना पहिले घड धरलेत.

महिन्यातून एकदा आता पुरत नाही. नवरा महिन्यातले दहा दिवस तिथेच असतो, लॅपटॉप ओटीवर. हा वीकेंडचा छंद आहे असं आम्ही आता म्हणत नाही.

पाचातला एक

कर्जतजवळ, 2012, पाच मित्र, दोन एकर, सातबारा एक. पहिल्या वर्षी पाचही कुटुंबं, चुलीवरचं मटण, पोरं ओढ्यात. तिसऱ्या वर्षी वाद सुरू झाला तो गाद्यांवरून. धुवायच्या कुणी? हसू नका, आमच्यातले दोघं आजही बोलत नाहीत.

मी हिशोब ठेवणारा माणूस आहे. मागच्या वर्षी मी नऊ वेळा गेलो, त्यातल्या चार वेळा पंप बिघडला म्हणून एकटा. मुलगी दहावीपासून आलेली नाही. आधी क्लास, मग जेईई, आता तिथे रेंज नाही हे कारण. राखणदाराचा पगार, वीजबिल, पावसाळ्यानंतरचं गवत, दर दोन वर्षांनी पत्रे, हे सगळं धरलं तर एका रात्रीचा खर्च चांगल्या रिसॉर्टपेक्षा महाग पडतो. बायकोला हा आकडा सांगितलेला नाही.

आता एकाला बाहेर पडायचंय, मुलगा परदेशी शिकायला जातोय. त्याच्या वाट्याला येतात सोळा गुंठे. तुकडेबंदी कायद्यात आमच्याकडे जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कमीत कमी तुकडा, 20 गुंठे, म्हणजे तुकडा वेगळा काढून बाहेरच्याला विकता येत नाही. उरलेल्या चौघांनी घ्यायचा तर भाव कुठला धरायचा? तो म्हणतो आजचा, आम्ही म्हणतो गाद्या वजा करून. मित्रांबरोबर घ्यायची असेल तर बाहेर पडायच्या अटी आधी कागदावर लिहा, मटण नंतर.

दापोलीहून, थोडक्यात

काजूची 140 कलमं, चौथ्या वर्षी फळं धरू लागलेली. मार्चातली दुपार, दोन तासांत वणव्यात गेली. कुणी लावला नव्हता, शेजारच्या पडीत कुणी राब भाजत होतं (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळत होतं) आणि वारा फिरला. आता पाऊस सरला की डिसेंबराच्या आत हद्दीने पंधरा फूट गवत साफ करून घेतो. शिवाय विजेरी आणि गमबूट दारातच ठेवा. आमच्याकडे फुरसं उंबऱ्यावर सापडतं.

न्यूजर्सीहून

आम्हाला घ्यायची होती, घेता आली नाही. परदेशी राहणाऱ्याला, पासपोर्ट भारतीय असला तरी, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने मिळालेली ठेवता येते. "मेहुण्याच्या नावावर घे" असं सगळे म्हणाले. मेहुणा चांगला आहे, त्याला चांगलाच राहू द्यावा म्हणून घेतली नाही. संगमेश्वरला वडिलांचा वाटा आहे, तीन आठवड्यांच्या रजेत एक आठवडा तिथे काढतो. दर वेळी कुलूप गंजलेलं असतं.

विकणाऱ्याच्या बाजूचा

सगळे घेणारे बोलले, मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. गाव वेल्ह्याकडं, आता राजगड तालुका म्हणतात. वडलांनी 2006 ला बहिणीच्या लग्नाला दीड एकर दिली. मी आज त्याच जमिनीवर पगारी राखणदार आहे. त्यात लाज नाही, काम आहे. पण कधी आमच्याच झाडाखाली बसून सायबांची वाट बघायची आणि गाडी वाजली की उठून उभं राहायचं, त्याची सवय व्हायला वेळ लागला.

शहरातली माणसं जमीन घेतली की पहिलं काय करतात? गेट. घर नसतं, पाणी नसतं, गेट असतं. आमच्या वाघजाईला जायची वाट त्या रानातनं होती. सायबांनी चारी बाजूनं तार मारली. त्या नवरात्रात म्हाताऱ्या बायका अर्धा डोंगर वळसा घालून गेल्या. कुणी काही बोललं नाही. त्याच हिवाळ्यात सायबांची मोटर चोरीला गेली, तेव्हापण कुणी काही बोललं नाही. पोलिस आले, पंचनामा झाला, सगळ्यांनी माना हलवल्या.

पुढच्या वर्षी बाईसाहेबांनी मला विचारलं, ह्या बायका अशा लांबनं का जातात? मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तारेत माणूस जाईल, जनावर जाणार नाही एवढी वाकडी फट करून घेतली. त्यानंतर मोटर गेली नाही. आधीची कुणी नेली ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

ताई, तुम्ही त्या आंब्याचं गावात कुणाला विचारलंय का? सर्व्हे नंबरात एवढं जुनं एकटंच झाड ठेवलं असेल तर त्याच्याखाली काहीतरी असतंच.

धागा काढणारी

तुमचा प्रतिसाद वाचून राहवेना. रविवारी एजंटला न सांगता गेलो. पाऊस नुकता लागलाय, शेवटचा चढ पायीच. आंब्याच्या पलीकडच्या अंगाला, जिकडे आम्ही तीनदा जाऊनही एकदाही वळून बघितलं नव्हतं, शेंदूर लावलेला दगड आहे. समोर करवंटी, वाळलेलं लिंबू आणि नवीकोरी हिरवी बांगडी. खालच्या घरातल्या आजींनी सांगितलं, म्हसोबा आहे, आषाढात कोंबडं असतं, सगळी वाडी येते. आम्ही घेतली तर चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याचं काय न्हाय, तुमी आमाला येऊ देताल का?"

गावनकाशा काढला. एकेरी रेषा आहे. आणि 1998 च्या एका फेरफारात एक बहीण आहे, जी 2003 च्या फेरफारात नाही. ती भोसरीला असते, हेही आजींनीच सांगितलं, वर तिच्या सुनेचं नावसुद्धा.

इसार दिलेला नाही. मोजणी आणि बहिणीची सही झाल्याशिवाय देणार नाही असं कळवलंय. एजंट जरा दुखावला. पण काल पुन्हा फोन आला होता, दुसरी पार्टी अजून तयारच आहे.