स्प्रिंकलरचे पाइप, ड्रम, कापूस सगळं नेता येईल अशी लांब-आखूड होणारी लोटगाडी बनवायची आहे, मापं सांगा

हरभरा_बागायतदार

राम राम मंडळी. कारंजा तालुक्यातला आहे, साडेपाच एकर काळी जमीन, दोन तुकड्यात, मधात अर्धा किलोमीटर पांदण. बैलजोडी तीन वर्षाआधी विकली, बंडी कोठ्यामागं पडून आहे, ट्रॅक्टर भाड्याचा. आता प्रॉब्लेम असा की रोजचं बारीकसारीक सामान नेण्यासाठी ट्रॅक्टर कोण बोलावणार आणि डोक्यावर किती वाहणार. स्प्रिंकलरचे ३० पाइप आहेत ७५ एमएमचे २० फुटी, एक पाइप कपलरसकट काट्यावर पावणेचार किलो भरला, म्हणजे सगळे मिळून ११०-११५ किलो. वजनाचं एवढं काही नाही पण लांबी बेकार आहे, दोघं जण खांद्यावर सहा-सहा पाइप घेऊन निघालो की मागच्याचं टोक बोराटीत अटकते. आणि हरभऱ्याच्या टायमाला लाइट रात्रीची असली म्हणजे हे सगळं अंधारात.

मागच्या वर्षी एक गाडी बनवली होती, जुन्या सायकलची दोन चाकं लावून. चारच खेपा झाल्या, धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना गाडी तिरपी झाली आणि एका रिमची जिलेबी झाली. म्हणून आता नीट बनवायची आहे.

डोक्यात असं आहे: ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, ३ एमएम जाडीचा, लांबी ५ फुटाची ९ फूट होईल, रुंदी अडीचची साडेतीन फूट होईल, उंची खालीवर होईल, हँडल खालीवर होईल, बाजूच्या जाळ्या काढता-लावता येतील. पाइप न्यायचे असले की लांब, फवारणीचा ड्रम न्यायचा असला की आखूड, कापूस वेचणीला रुंद. कोणी बनवली असंल तर मापं आणि फोटो टाका. चाकं कोणती घेऊ ते पण सांगा.

वेल्डिंगवाला_पुसद

भाऊ २२ वर्षं झाली हेच काम करतो, लोकांच्या वहीतली डिझाइनं पाहून पाहून डोकं पिकलं म्हणून सरळ सांगतो, एवढं सगळं सरकतं ठेवलं तर गाडी नाही खुळखुळा होईल. जिथं जिथं पाइपात पाइप सरकतो तिथं थोडी फट ठेवावीच लागते आणि ती फट पांदणीच्या दगडांवरून गेल्यावर महिनाभरात दुप्पट होते. लांबी ठेव सरकती, बाकीचं वेल्डिंग मार. रुंदी सरकती करण्यात काहीच मतलब नाही, कापसाला रुंदी पाहिजे तर वरून काढता येणारी लाकडी पाटी टाक.

आणि ४० बाय ४० तीन एमएम म्हणजे मीटरला साडेतीन किलो लोखंड. १२ मीटर जरी लागला तरी ४२ किलो, चाकं वेगळीच. रिकामी गाडी ढकलताच घाम निघंल. बाहेरचा पाइप ३० बाय ३० दोन एमएमचा घे (मीटरला पावणेदोन किलो) आणि आतला २५ बाय २५. बाहेरच्याचं आतलं माप २६ भरते, त्यात २५ चा बरोबर जातो, दोन्ही बाजूनं अर्धा-अर्धा एमएम मोकळा. पण दुकानातून उचलताना आत बोट घालून पाहा, जोडाची शिवण आतून उंच राहते, तिच्यामुळं पाइप अर्ध्यात जाऊन फसतो. लांब कानस घालून ती घासावी लागते नाहीतर हातोड्यानं ठोकत बसशील.

दुसरं, पिनेचे होल वरून-खाली मारू नको, बाजूच्या भिंतीत आडवे मार. वजन खाली दाबते तेव्हा सगळा ताण पाइपाच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर येते, तिथंच होल मारलं की पाइप तिथूनच वाकते. मधल्या उंचीवर ताण कमी राहते. होल ड्रिलनंच मार, गॅसनं जाळून मारलेलं होल कधीच गोल राहत नाही. १२ एमएमची पिन आणि तिला ट्रॅक्टरच्या पिनेसारखी कडीची क्लिप लाव, नटबोल्ट लावशील तर पाना घरी राहून जाईल आणि तू वावरात. पूर्ण लांब केल्यावरही आतला पाइप सव्वा फूट तरी आत राहिला पाहिजे, म्हणून ५ फुटाची ९ करायची असंल तर आतले पाइप सव्वापाच फुटाचे घे, आखूड केल्यावर पाव फूट समोर निघून राहील, राहू दे.

जुनी_बंडी

अरे बाप्पा, बैल इकून आता मानसानं बैल व्हाचं का. बरं असो.

सायकलचं चाक काहून मोडलं ते सांगतो. सायकलीत चाकाले दोनी बाजूनं काटा असते, तू एकाच बाजूनं बोल्ट कसून देल्ला असशीन. मंग एक्सल वाकते अन् तारा बाजूच्या मारानं सुटतेत. ते चाक उभं वजन झेलाले बनोलं हाये, आडवा मार नाई. बंडीच्या चाकाचे आरे पाह्य, तिरपे बसोले राह्यतेत, थाटी केल्यासारखे, ते उगाच नाई, बैल चालताना बंडी इकडून तिकडं झोलते तो मार घ्याले हाये.

अन् एक सांगतो, पानी देल्लेल्या वावरात गाडी घालू नोको. काळ्या मातीचा चिखल असा हाये का चाकाले चिकटला म्हनजे चाक दिसत नाई, नुसता गोटा फिरते. वाफसा आल्याबिगर चाक आत न्याचंच नाई. वावरात पाइप हातानंच बदलाचे, गाडी धुऱ्यावर अन् पांदनीत. उन्हाळ्यात भेगा पडतेत, त्यात बारकं चाक बरोबर जाऊन बसते.

रातच्यानं जाशीन तं आनखी एक. डुकरं अन् रोही (नीलगाय) वावरात येऊ नये म्हनून कोनी कोनी धुऱ्याले लाइनीची तार सोडून ठेवतेत. झटका मशीनचं वायलं, ते झटका देऊन सोडते. पन लाइनीचा डायरेक्ट करंट मानूस सोडत नाई. गुन्हा हाये ते, तरी करनारे करतेत. तुही गाडी लोखंडाची, हात लोखंडावर, अन् समोर ९ फुटावर काय लागलं ते बॅटरीच्या उजेडात दिसत नाई. ज्या धुऱ्याचा भरोसा नाई त्यानं जाऊच नोको.

डिप्लोमा_मेकॅनिकल

वेल्डिंगवाले दादांशी ९० टक्के सहमत, पण एक गोष्ट सरकती ठेवावीच लागेल, ती म्हणजे चाकांची जागा.

हिशोब सोपा आहे. समजा १०० किलो माल आहे आणि मालाचा मध्य चाकाच्या एक्सलपासून १५ सेंटीमीटर हँडलच्या बाजूला आहे, हँडल एक्सलपासून दीड मीटर. तर हातावर वजन येते १०० गुणिले १५ भागिले १५० म्हणजे १० किलो. हे बरोबर आहे, ढकलताना हातात थोडं वजन पाहिजे. आता तुम्ही समोरचा भाग ४ फूट बाहेर काढला तर मालाचा मध्य दोनेक फूट समोर जातो, एक्सलच्या पुढं. म्हणजे गाडी नाकावर पडते आणि तुम्ही हँडलला लटकता. बंडी उलार होते (मागं वजन जास्त होऊन समोरून उचलते) तेच, फक्त उलटीकडून. म्हणून लांबी जितकी वाढवाल त्याच्या अर्धं चाक समोर सरकलं पाहिजे. एक्सलची वेगळी चौकट बनवा, ती मेन पाइपांखाली दोन जागी पिन लावून बसेल, एक जागा आखूड गाडीसाठी, एक लांब गाडीसाठी. मधल्या दहा जागा ठेवायची हौस करू नका.

पाइपांसाठी समोर-मागं यू आकाराचे दोन आधार द्या. २० फुटी पाइपला टोकापासून ४ फूट आत दोन्हीकडं आधार असला तर झोल सगळ्यात कमी येतो, म्हणजे दोन आधारात १२ फूट अंतर. १२ फुटाची गाडी पांदणीच्या वळणावर वळणार नाही, त्यामुळं ९ ठीक आहे, थोडा झोल येईल तो येऊ द्या, प्लास्टिकच आहे. दोरीऐवजी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, पाइप घसरत नाहीत.

ड्रमचं म्हणाल तर २०० लिटर म्हणजे २०० किलो पाणीच झालं, ही गाडी त्यासाठी नाही. आणि अर्धा भरला तर आणखी वाईट, उतारावर पाणी समोर धावते आणि गाडी तुमच्या हातून सुटते. ३५ लिटरच्या तीन कॅन ठेवा, गच्च भरून, झाकण लावून.

चाक मोठं घ्या. लहान चाक ढेकळाला अटकते, मोठं त्याच्यावरून चढून जाते. भंगारातून १०० सीसी मोटरसायकलची दोन पुढची चाकं आणा, १८ इंची रिम, टायरसकट २३-२४ इंच भरतात. त्याची बेअरिंग बारीक एक्सलची असते म्हणून बंडीवाले काका म्हणतात तसं दोन्ही बाजूनं पट्टीचा आधार द्या. पुढच्या चाकाचा ड्रम ब्रेक पण मिळतो, तो फेकू नका, हँडलवर लिव्हर लावा, धुरा उतरताना कामात येते.

पऱ्हाटी_ताई

सगळ्या भाऊ लोकांनी चाकाचं आणि पाइपाचं सांगितलं, आता ढकलणाऱ्याचं पण बघा जरा. आमच्याकडं घाटंजीला अशीच एक गाडी बनवली, ह्यांच्या मापाची, हे साडेपाच फुटाच्या वर आणि मी पाच फूट पण नाही. हँडल माझ्या छातीला येते. कापूस वेचणीला गाडी मीच नेते, हे नाही, आणि छातीला आलेलं हँडल ढकलायचं म्हणजे सगळा जोर खांद्यात जाते, संध्याकाळी हात वर होत नाही. मग मी काय केलं, हँडलच्या आत उभी राहून ओढते, बैलासारखी, ढकलायचा प्रश्नच मिटला, पण मग पायाला गाडी लागते.

तर हँडल खालीवर होणारं पाहिजेच, वेल्डिंगवाले भाऊ काही म्हणोत. हात सरळ खाली सोडून कोपर थोडं वाकवलं की मूठ जिथं येते तिथं हँडल पाहिजे, माझ्या मापानं ३२ इंच, ह्यांच्या मापानं ३७. दोनच होल मारा, एक बाईचं एक माणसाचं.

दुसरं म्हणजे कापूस हलका असते पण फुगते. एका गाठोड्यात २० किलो असला तरी केवढं मोठं होते ते सगळ्यांना माहीत आहे, समोरचं काही दिसत नाही. म्हणून बाजूच्या जाळ्या उंच केल्या की चुंगड्या (पोती) उभ्या रचता येतात पण मग समोरचा खड्डा दिसत नाही, त्यापेक्षा समोरून जाळी लावू नका, बाजूनंच लावा. आणि खाली फट्ट्या लावताना खिळ्याचं टोक वर येऊ देऊ नका, कापूस अटकते, ताडपत्री फाटते. एका खिळ्यानं माझी नवी ताडपत्री दोन हात फाडली, तो खिळा अजून तिथंच आहे कारण ह्यांना टाइम नाही.

वेल्डिंगवाला_पुसद

ताई हँडलचं मान्य. पण होल गाडीच्या पाइपात नका मारू, हँडलच्या दांडीत मारा, खाली एक बोल्ट कायमचा आणि वरती पिन दोन होलांपैकी एकात, दांडी खालच्या बोल्टवर फिरते. सरकतं करण्यापेक्षा फिरतं कधीही पक्कं.

बेअरिंगचं कोणी बोललं नाही. मोटरसायकलच्या चाकातली जुनी बेअरिंग काढून नवी टाका, दोन्हीकडून रबर सील असलेली. उघडी बेअरिंग आपल्या धुळीत एक सीझन चालत नाही.

हरभरा_बागायतदार

सगळ्यांचे आभार. उशिरा उत्तर देऊन राहिलो, सोयाबीनचं काढणं सुरू होतं. गाडी झाली. रुंदी अडीच फूट फिक्स केली, उंची पण फिक्स, लांबी ५ ची ९ होते, चाकाची चौकट दोन जागी बसते, हँडल दोन होलाचं. मूर्तिजापूरच्या भंगारातून दोन चाकं आणली, एका चाकाचा ब्रेक चालते, दुसऱ्याचे लायनर संपले होते ते बदलले.

चुकलं ते सांगतो. पूर्ण गाडीला रंग मारला आणि सरकणाऱ्या पाइपाला पण मारून टाकला, वाळल्यावर आतला पाइप हलेचना. अर्धा दिवस पॉलिश पेपरनं घासला. मग ग्रीस लावलं तर दोन दिवसात धूळ बसून वाळूसारखं झालं, आता कोरडाच ठेवतो, फक्त मेणबत्ती घासतो. आतली शिवण मात्र दादांनी सांगितल्यावर दुकानातच पाहून घेतली, दोन पाइप परत केले, दुकानदार वैतागला.

परवा ३० पाइप एका खेपेत नेले, एकट्यानं. समोर गेल्यावर वळणावर टोक बोराटीत गेलंच, पण ते बोराटीचं काम आहे, कुऱ्हाडीनं होईल. माय गाडी आखूड करून तुरीच्या पेंढ्या आणायला निघाली होती, तिला ३२ वाला होल बरोबर बसला, ताईंना सांगा.

आता एकच अटकलं, चाकाची चौकट समोरच्या जागेवर नेली की ब्रेकची केबल ताणते आणि ब्रेक अर्धा लागूनच राहते. केबल सैल केली तर चौकट मागच्या जागेवर असताना ब्रेक लागतच नाही. काय करू?

डिप्लोमा_मेकॅनिकल

चौकट दोन फूट सरकते ना, मग केबल तेवढी लांब पाहिजे, मोटरसायकलची पुरणार नाही. मालवाहू ऑटोच्या दुकानात लांब मिळते. समोरच्या जागेवर चौकट ठेवून लिव्हर सेट करा, आणि मागच्या जागेवर आणली की उरलेली केबल गाडीखाली मोठा गोल करून ट्यूबच्या पट्टीनं बांधा. आतली तार आणि बाहेरची नळी सोबतच वाकते त्यामुळं ब्रेकची सेटिंग बदलत नाही, फक्त गोल लहान करू नका, तार आत घासते.

जुनी_बंडी

कोठ्यामागची बंडी इकाची असन तं सांगजो.